तोलणार काट्यावर चढला तेव्हा

हडपसरला मुलाच्या सोसायटीत राहायला आल्यापासून मी सकाळी खाली बागेत बसतो. तिथं सात-आठ जण रोज उड्या मारतात. मोबाईलमधून एक बाई ओरडते, तशी ही मंडळी अर्धा मिनिट जीव खाऊन नाचतात, मग मिनिटभर धापा टाकत फिरतात, की परत नाच. परवा त्यातल्या एकानं घाम पुसत मला विचारलं, "काका, तुम्ही रोज बघता. खरं सांगा, यानं वजन कमी होतं का?"

मी म्हणालो, "होतं. आणि होतही नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर लांबलचक आहे. तुमची पुढची फेरी सुरू झालीय, नाचा."

मी चौथी शिकलोय. पण या एका विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये. एका माणसाला या प्रकारानं बारा किलो उतरवताना मी पाहिलंय, आणि त्यातला एकेक किलो माझ्या तोंडानं वाचलाय.

तो मार्केट यार्डात भुसार बाजारात तोलणार होता. मी हमालांच्या टोळीचा मुकादम. धान्याची गाडी लागली की आम्ही पोती उचलून काट्यावर ठेवायची आणि त्यानं वजन करायचं, असं अठ्ठावीस वर्षं चाललं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. यार्डात त्याला नावानं कुणी हाक मारलीच नाही. तोलणार, एवढंच. तोही मला मुकादम एवढंच म्हणायचा. माझं नाव त्याला माहीत होतं की नाही याची मला शंका आहे.

बुटका, रुंद, आणि डोक्यावर टोपी अशी घट्ट की काढली तर खाली पांढरा पट्टा दिसायचा. माणूस दिसला की आधी त्याचं वजन करणार. नुसत्या नजरेनं. एका लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि हा माझ्या कानाशी, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला, "नवरी बेचाळीस, नवरा चौऱ्याऐंशी. बरोबर दुप्पट माल हाय." मुलीचा मामा तिथंच उभा होता. आम्हाला पंगतीला कुणी 'बसा' म्हटलं नाही. बारशाला गेला की बाळ दोन्ही हातांवर घेऊन, डोळे मिटून सांगायचा, "तीन किलो, शंभर कमी." आणि बाळाची आजी दवाखान्याचा कागद काढून बघायची, तर तेवढंच.

दुसरी खोड म्हणजे तो 'एक' म्हणायचा नाही. जुन्या काळी धान्य मापानं मोजत, तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. बाकी सगळ्यांचं ते सुटलं, याचं सुटलं नाही. बाजारात ठीक आहे, पण हा चहावाल्याला सांगणार, "लाभ चहा दे." बसमध्ये कंडक्टरला, "स्वारगेट, लाभ." नवीन कंडक्टर असला की म्हणायचा, "हे कुठं आलं? या रूटवर नाही." तरी याचं आपलं तेच.

आणि त्याचे नियम होते. काट्यावर कुणी पाय द्यायचा नाही. वजन करण्याआधी रिकाम्या काट्याला हात लावून शून्य बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, ज्याचा माल आहे त्यानं आकडा वाचायचा नाही. "मालकाच्या डोळ्याला स्वतःचा माल जास्तच दिसतो, मुकादम. त्याची चूक न्हाई, डोळ्याची हाय." अठ्ठावीस वर्षांत एकदाही त्याच्या वजनावर भांडण झालं नाही. माझ्या पाठीचा मला जेवढा अभिमान, तेवढा त्याला त्याच्या आकड्याचा.

म्हणून त्या थंडीत, एका शनिवारी, बाजार उठल्यावर त्यानं चपला काढल्या, लोखंड गार लागतं म्हणून एक रिकामं पोतं काट्यावर अंथरलं आणि स्वतः वर चढला, तेव्हा मी हातातली विडी टाकली.

"काय झालं रे तुला?"

"वाच."

"आधी खाली उतर. माणसानं चढू नये असं तूच..."

"मुकादम, वाच म्हणतोय ना."

काट्यावर त्र्याण्णव दिसत होतं. आता हे समजून घ्या. आमच्या धंद्यात रिकाम्या पोत्याचं जे वजन, त्याला बारदान म्हणतात, आणि ते वजा करूनच बोलायचं असतं. काट्यावर एक्कावन्न दिसलं की आमच्या तोंडातून पन्नास निघतं. विचार करावा लागत नाही. मी म्हणालो, "ब्याण्णव."

तो खाली उतरला, पोतं घडी करून ठेवलं आणि सांगितलं. वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि यार्डात या माणसानं कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. एकुलती मुलगी कंप्युटर कंपनीत होती. ती द्यायला तयार, पण तिचं रक्त जुळेना. याचं जुळलं. डॉक्टर म्हणाले, साखर नाही, हृदय चांगलं आहे, पण एवढ्या वजनावर आम्ही तुमची किडनी काढणार नाही. ऐंशीच्या आत या, मग बघू.

"म्हंजी बारा किलो," तो म्हणाला. "तिच्याकडं किती दिवस हायत ते कुणी सांगत न्हाई. मी विचारलं. सगळे म्हणतात, लवकर करा."

मुलीनं त्याला तो पळापळीचा प्रकार शिकवला. डॉक्टरांनी आधी सरकत्या पट्ट्यावर चालवून, छातीला तारा लावून बघितलं आणि मग हो म्हणाले. मुलीनं मोबाईल दाखवून समजावलं, "पप्पा, तीस सेकंद जोरात, नव्वद सेकंद हळू. वीस मिनिटांत संपतं." याला त्यातलं वीस मिनिटं तेवढं आवडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अर्धा दिवस दवाखान्यात वहिनींच्या उशाशी जायचा, उरलेल्या दिवसांत बाजार, वर घरचं सगळं. मी म्हणालो, "तळजाईच्या टेकडीवर जा, तासभर चालत जा, साधी गोष्ट." तो म्हणाला, "तास आण कुठून तरी, जातो."

गाळ्यांच्या मागच्या गल्लीत दुपारी सांडलेले दाणे टिपायला कबुतरं बसतात. तिथं हा पळायचा. पायजमा, टोपी, आणि घड्याळ नाही. तोंडानं मोजायचा, "लाभ, दोन, तीन," आणि तीसपर्यंत असा सुटायचा की सगळी कबुतरं फडफडत पत्र्यावर जायची. मग कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, नव्वद मोजत परत यायचा. तोवर कबुतरं खाली बसायची. ती बसली की हा परत, "लाभ!" हमाल गाळ्याच्या पायरीवर बसून बघायचे. कुणी तरी ओरडायचं, "तोलणार, कबुतरांचं किती उतरलं?" तो थांबायचा नाही. मोजणं चुकलं असतं.

मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की यानं काही होणार नाही. "अरे, आम्ही काय करतो जन्मभर? पोतं पाठीवर घेऊन पळत जायचं, रिकाम्या हातानं चालत यायचं. परत पोतं, परत पळ. तुझ्या पोरीच्या मोबाईलात आहे तेच आम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून करतोय. पळून पोट जात असतं तर या यार्डात एका हमालाला ढेरी दिसली नसती." आणि मी माझी दाखवली.

"तुझी ढेरी न्हाई, ते साठवणीचं धान्य हाय," तो म्हणाला. "वाच."

शनिवारी बाजार उठला की वजन. गाळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडे. ब्याण्णव. ब्याण्णव. एक्याण्णव आठशे. ब्याण्णव. दीड महिना झाला. पळण्यात फरक पडला, हे मी मान्य करतो. आधी चार फेऱ्यांत भिंतीला टेकायचा, आता दहा फेऱ्या करून वर मला शिव्या देण्याइतका दम उरायचा. पायजम्याची नाडी जरा आत आली. पण काटा हलेना. मी म्हणालो, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि म्हणालो त्या क्षणी मला वाईट वाटलं, कारण त्याचा चेहरा नेहमीचा नव्हता. पहिल्यांदाच तो काट्यावर चिडला होता. उकिडवा बसून त्यानं शून्य तीनदा तपासलं.

काटा बरोबर होता. वजन का उतरत नाही ते मला माहीत होतं, फक्त मी बोललो नव्हतो. पळून झालं की हा कोपऱ्यावरच्या गाडीवर जायचा आणि दोन वडापाव, कधी तीन, वर भजी. मला वाटायचं, घाम गाळलाय, भूक लागणारच. आम्हीही तेच करत आलो.

एका रविवारी मी त्यांच्या घरी बिबवेवाडीला गेलो. तो औषधं आणायला बाहेर गेला होता. वहिनींनी चहा दिला, स्वतः नाही घेतला. त्यांना दिवसाचं पाणीसुद्धा मोजून होतं. त्या आधीच लहानखुऱ्या, आता नुसते डोळे उरले होते. म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याकडं जरा बघा. घरात जेवतच नाहीत. भूक नाही म्हणतात. उपाशीपोटी पळतात आणि तरी वजन उतरत नाही. काहीतरी दुसरं दुखणं नसेल ना?"

"भूक नाही?" माझ्या तोंडून गेलं. "वहिनी, काल माझ्यासमोर तीन वडापाव..."

मी थांबलो, पण उशीर झाला होता. तेवढ्यात तो आला, औषधांची पिशवी ठेवली, आमच्या दोघांकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

"अहो, बाहेर खाता?"

"न्हाई. म्हंजी कधीतरी."

"घरात का नाही?"

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुला मीठ न्हाई, डाळ न्हाई, टमाटं न्हाई, पाणी न्हाई. तुझ्यासमोर ताट घेऊन बसू? गिळत न्हाई मला."

मी उठायला लागलो, तर वहिनींनी हातानंच बसा म्हटलं. त्याला म्हणाल्या, "उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं. मला खाता येत नाही, बघता तर येतं. आणि कसं लागलं ते सांगायचं. नीट सांगायचं, नुसतं 'बरं आहे' नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरात छोटा काटा आणला. मुलीनं दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना विचारून त्याचं खाणं लिहून दिलं. भाकरीचं पीठ तोलून, भात तोलून, तेलसुद्धा चमच्यानं. अशा कामात त्याला कोण हरवणार? ताट पुढ्यात घेऊन बसायचा, वहिनी समोर खुर्चीवर. मी एकदा जेवायला होतो तेव्हा ऐकलंय. तो एक घास खायचा, डोळे मिटायचा आणि बाळाचं वजन सांगावं तसं सांगायचा, "वांगं कोवळं हाय. मीठ किंचित कमी पडलंय. शेंगदाण्याचा कूट जाडसर ठेवलाय पोरीनं, दाताखाली येतोय." वहिनी म्हणायच्या, "आणि लसूण?" "लसूण मागनं येतोय. थांब... हां, आला." त्या हसायच्या. एका भाकरीला त्याला अर्धा तास लागायचा. आयुष्यभर उभ्याउभ्या गिळणारा माणूस.

त्या आठवड्यापासून काटा उतरायला लागला. एक्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी पाचशे. दारावरचे आकडे खाली-खाली जायला लागले.

मी म्हणालो, "बघ, ताटानं उतरलं. पळण्यानं नाही." तो म्हणाला, "पळालो म्हणून ताट आवरतंय." मी म्हणालो, "ताट आवरलंस म्हणून पळता येतंय." यावर आम्ही चार महिने भांडलो, आणि दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. आज मला विचाराल तर, मी एक पाऊल मागं येतो. नुसत्या त्या पळापळीनं पोट जाईल म्हणून कुणी वडापाव खात बसला तर काटा त्याच्याकडं ढुंकून बघणार नाही. पण ज्याच्याकडं दिवसाची वीसच मिनिटं आहेत आणि ताट मोजलेलं आहे, त्याला ते उपयोगाचं आहे. त्याच्या अंगात धुगधुगी राहिली, झोप लागली, रडकुंडीला आला नाही. हे मी तेव्हा बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

मे महिना लागला. शनिवारी तो चढला, म्हणाला, "वाच." मी वाचलं, "एकोणऐंशी सहाशे." तो खाली उतरला आणि काट्याला हात लावून नमस्कार केला. सोमवारी डायलिसिसच्या वेळेलाच मोठ्या डॉक्टरांना भेटायचं ठरलं. मीही गेलो, कारण माझ्याशिवाय आकडा कोण सांगणार, असा माझा तोरा.

दवाखान्याच्या काट्यावर ऐंशी नऊशे भरलं.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि दोन आठवड्यांनी या म्हणाले. त्यांची चूक नव्हती, अट त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितली होती. बाहेर बाकावर बसून मी त्या काट्याला शिव्या घालायला लागलो, की यांचं मशीन भिकार आहे, यार्डात आणून दाखवतो. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, "मुकादम, शनिवारी काट्यावर किती दिसलं?"

"एकोणऐंशी सहाशे."

"तू बोललास किती ते न्हाई विचारत. दिसलं किती?"

मी आठवलं. तांबडे आकडे डोळ्यांसमोर आले. "ऐंशी... सहाशे."

"आणि पायाखाली पोतं होतं?"

नव्हतं. उन्हाळा लागल्यावर लोखंड गार लागेनासं झालं होतं आणि तीन शनिवार झाले, त्यानं पोतं अंथरणं सोडलं होतं. मी मात्र बारदान वजा करतच होतो. चाळीस वर्षांची सवय. की मला त्याला ऐंशीच्या आत बघायचंच होतं? तो म्हणायचा ना, मालकाच्या डोळ्याला माल हवा तसा दिसतो. खरं काय ते मला आजही सांगता येत नाही.

तो एक शब्द वाईट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि वहिनींकडं गेला.

त्या दोन आठवड्यांत वहिनींच्या छातीत पाणी झालं. सहा दिवस दवाखान्यात होत्या. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. यार्डातही त्याच्या गाळ्यावरून जायचं टाळलं. आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती, आणि आता वर होईना.

दुसऱ्या शनिवारी बाजार उठल्यावर तो स्वतः माझ्याकडं आला. "चल."

"दुसऱ्या कुणाला घे वाचायला."

"चल म्हणतोय ना."

चपला काढल्या, शून्य बघितलं, वर चढला. पाय दाखवून म्हणाला, "नीट बघ. पोतं न्हाई, चप्पल न्हाई. उघडा माल हाय. वाच."

मी दोनदा बघितलं. "ऐंशी दोनशे," म्हणालो. खाली वाचायची केवढी इच्छा झाली होती, पण दोनशेचे दोनशे वाचले.

"हां," तो म्हणाला. "आता बरोबर वाचलंस."

पुढच्या बुधवारी दवाखान्याच्या काट्यावर एकोणऐंशी सातशे भरलं, कपड्यांसकट. सह्या करताना त्यानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, आतली ती किडनी किती भरत असंल?" डॉक्टर म्हणाले, "दीडशे ग्रॅम. थोडं इकडंतिकडं." तो माझ्याकडं वळून एवढा हसला की नर्सबाई आत डोकावल्या. "मुकादम, दीडशे ग्रॅमसाठी बारा किलो काढायला लावले या लोकांनी!"

तो आता नाही. दोन वर्षं झाली, पावसाळ्यात डेंग्यूनं गेला. वहिनी आहेत. इथंच हडपसरला मुलीकडं असतात, आणि दीडशे ग्रॅम अजून काम करतंय. मी महिन्यातून एकदा जेवायला जातो. आता त्यांना मीठ चालतं, थोडं. मी घास घेतला की विचारतात, "कसं झालंय भाऊजी?" मी 'बरं आहे' म्हणत नाही. डोळे मिटतो आणि जमेल तेवढं सांगतो. त्याच्याइतकं जमत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून जिन्याशी बसलो होतो. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं. मुलगी आईच्या काचेपाशी. दुपारी ती धावत आली, "काका, चला, बघा!" काचेपलीकडं नर्सबाईंनी लघवीची पिशवी वर उचलून धरली. खुणांपाशी पिवळं पाणी. कित्येक महिन्यांत वहिनींना धड लघवी झाली नव्हती. मी आकडा वाचला, परत वाचला आणि त्याच्या खोलीकडं निघालो.

तो शुद्धीवर येत होता. ओठ कोरडे, डोक्यावर टोपी नाही, पांढरा पट्टा उघडा. मी कानाशी वाकलो. "तोलणार, सुरू झाली. वहिनींची लघवी सुरू झाली."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "किती?"

"दोनशे मिली."

"तू वाचलंस?"

"मी वाचलं. बारदान धरलेलं नाही."

त्याला हसू आलं, तसा टाके दुखून कण्हला. मग त्यानं मान बाजूला टेकवली. मला वाटलं, झोपला. तेवढ्यात ओठ हलले.

"लाभ," तो म्हणाला.

मी डोळे पुसत स्टुलावर टेकलो, तर त्यानं एक डोळा उघडला.

"बसतो काय? जा, दुसरं माप बघून ये."

मी गेलो.